साखरेच्या डब्याखालचे कलावंत

सुनेचा फोटो संगीताच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर येणार, ही बातमी चिरंजीवांनी बूट न काढता थेट स्वयंपाकघरात येऊन सांगितली. सासूबाई स्टुलावर उभ्या राहून फडताळ पुसत होत्या. त्यांनी आधी बुटांकडे बघितलं, मग चिरंजीवांकडे.

"आधी ते काढ," त्या म्हणाल्या. "आणि फोटो कसा? वाजवतानाचा की बसल्याचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं डोकं. वाजवताना काढणार, की नुसतीच बसवून ठेवणार?"

"आई, मुखपृष्ठ आहे ते! देशभर जातं मासिक. कसा का असेना!"

पण सासूबाईंना त्याचं पडलेलं होतं, आणि त्याला कारण होतं. हे मासिक त्यांच्या घरात एकोणीस वर्षं येत होतं. चिरंजीवांना गाण्याचा कान आहे, गळा नाही. म्हणून ते दर महिन्याला मासिक घेतात, वाचतात आणि ठेवून देतात. आतला कागद रद्दीच्याच लायकीचा, पण मुखपृष्ठ मात्र जाड, गुळगुळीत आणि तेलाला दाद न देणारं. तेव्हा मासिक जुनं झालं की सासूबाई त्याचं मुखपृष्ठ सोडवायच्या आणि फडताळात डब्यांखाली अंथरायच्या. दुसरीनंतर शाळेचं तोंड न बघितल्यामुळे आतलं अक्षर त्यांनी कधी वाचलं नव्हतं. मुखपृष्ठं मात्र तोंडपाठ होती. मिठाखाली दाढीवाले गवई होते, डोळे मिटलेले, एक हात वर, भर रस्त्यात गाडी थांबवावी तसा. चहाखाली बासरीवाले होते, कपाळाला इतक्या आठ्या, की बासरीत काहीतरी अडकलंय असं वाटावं. साखरेखाली एक व्हायोलिनवाले, घामाघूम.

बायका सगळ्या खालच्या खणात, साबणाच्या वड्यांखाली. सगळ्या एका साच्यातल्या. हनुवटी तळहातावर, केस वाऱ्यावर, आणि दात हवे तर मोजून घ्या. वाद्य मागे कुठेतरी भिंतीला टेकवलेलं, पाहुण्यांच्या सामानासारखं.

"बाप्ये वाजवताना दिसतात," सासूबाई म्हणायच्या, "आणि बायका कार्यक्रम संपल्यावर घरी न्यायला कुणी आलं नाही म्हणून बसल्यासारख्या."

संध्याकाळी सून शिकवण्या आटोपून आली. ती व्हायोलिन वाजवते, शिकवते आणि घरात कमी बोलते. कमी बोलण्याचं सासूबाईंना कौतुक होतं, कारण बोलायला त्या स्वतः पुरेशा होत्या. बातमी ऐकून सून खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "आई, मला एकच हवंय. त्यात माझा हात दिसला पाहिजे. मास्तर बघतील."

मास्तर म्हणजे तिचे गुरू. वय ऐंशीच्या पुढे. अकरा वर्षांपूर्वी हिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी आशीर्वाद न देता निकाल दिला होता, "आता हात मोडणार. बायकांचा मोडतोच." त्यानंतर त्यांनी हिचं वाजवणं ऐकायला यायचं टाळलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना ऐकू येणंच बंद झालं. आता ही कितीही वाजवो, मास्तरांच्या कानापर्यंत ते कधी पोचणार नव्हतं. पण डोळे शाबूत होते. मनगट कसं धरलंय, कोपर कुठे आहे, बोटं तारेवर कशी पडलीत, एवढ्यावरून ते वाजवणाऱ्याची कुंडली मांडायचे. आणि हे मासिक त्यांच्याकडे येत होतं.

"मोडलेला नाही हे एकदा त्यांनी बघावं," सून म्हणाली. "बस्स."

सासूबाईंनी स्टूल जागेवर ठेवलं. "मग हनुवटीवर हात नाही," त्या म्हणाल्या. "मी आहे."

*

ठरल्या दिवशी सकाळी नऊला फोटोवाला आला. त्याच्याबरोबर तीन दिवे, दोन छत्र्या, एक पंखा आणि चेहरा रंगवणारी एक मुलगी. छत्र्या बघून सासूबाईंनी खिडकीतून आभाळ बघितलं.

"पावसासाठी नाहीत, आजी," फोटोवाला म्हणाला. "उजेडासाठी."

"आजी तुझ्या घरी," सासूबाई म्हणाल्या.

बैठकीची खोली त्याला अंधारी वाटली. झोपायच्या खोलीतलं कपाट त्याला आवडलं नाही. शेवटी त्याने स्वयंपाकघरात डोकं घातलं आणि ओरडला, "हा उजेड बघा! इथेच!" पुढच्या अर्ध्या तासात सासूबाईंच्या स्वयंपाकघरातून भांडी, मांडणी, पाण्याचं पिंप आणि खुद्द सासूबाई बाहेर काढण्यात आल्या. राहिली खिडकी, तिची पितळी कडी आणि पांढरी भिंत. सासूबाई पाचव्या मिनिटाला परत आत आल्या.

रंगवाली सुनेच्या मानेवर थांबली. डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, तांबूस काळपट, रुपयाएवढा डाग होता.

"हे काय, ताई? भाजलं का?"

"व्हायोलिनचा आहे," सून म्हणाली. "रोज तिथे टेकतं ना. असू दे तो."

"असू दे काय?" सासूबाई कडाडल्या. "झाक आधी ते! लग्नात सगळ्यांनी मला विचारलं होतं, हिला मारतात का माहेरी म्हणून. महिनाभर मलम चोळलं मी त्याला, तसूभर हटला नाही. आता देशभर जाणार, तर बघणारा म्हणेल सासूने डाग दिला. चांगले दोन थर दे गं."

सुनेने एकदा सासूबाईंकडे बघितलं आणि मान पुढे केली. रंगवालीने दोन थर दिले.

मग फोटोवाल्याने सुनेला खुर्चीत बसवलं, व्हायोलिन काढून घेतलं, मांडीवर आडवं ठेवलं, आणि तिचा उजवा हात उचलून हनुवटीखाली लावला.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आली साबणाच्या खणात."

"काय?"

"ते मांजर आहे का मांडीवर घ्यायला? वाजवताना काढ."

"वाजवताना चेहरा ताठ होतो हो. भुवया आक्रसतात. मुखपृष्ठाला मोकळं हास्य लागतं."

"बाप्यांच्या आठ्या चालतात त्या?"

"त्यांची ती एकाग्रता असते, मावशी."

'आजी'वरून 'मावशी'वर आला, याची नोंद घेऊन सासूबाई भिंतीवरच्या बटणांपाशी सरकल्या. फोटोवाल्याने केस उडावेत म्हणून पंखा लावला. केस उडाले, आणि उडालेले केस व्हायोलिनच्या खुंट्यांमध्ये जाऊन बसले. ते सोडवायला रंगवाली धावली, तिचा पाय वायरीत अडकला, एक छत्री उलटी झाली. सुनेने एका हाताने केस धरले आणि दुसऱ्याने व्हायोलिनचा गज वर उचलला. गजाच्या केसांना राळेची पूड चोळलेली असते. पंख्याने ती सगळी पूड उचलली आणि बरोबर फोटोवाल्याच्या नाकात नेऊन सोडली. त्यानंतर त्याने काढलेल्या बारा फोटोंमध्ये बारा शिंका होत्या.

"पंखा बंद करा!" तो रडवेला होऊन म्हणाला.

सासूबाई बटणापाशीच उभ्या होत्या. त्यांनी पंखा बंद केला. पाठोपाठ दिवेही बंद केले.

"दिवे नाही, मावशी, पंखा!"

"कळलं मला. आता ऐक. हिने वाजवलं, तर दिवे लागतील. हिने हनुवटीवर हात ठेवला, की जातील. वीज माझी आहे."

फोटोवाल्याने चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीवांनी छताकडे बघितलं. तेवीस मिनिटं सून वाजवत होती, आणि तिच्या भुवया मनसोक्त आक्रसल्या. शेवटचा सूर संपला, गज तारेवर तसाच होता, आणि तिने हनुवटी जराशी वर उचलली, दम घेण्यापुरती. फोटोवाल्याचं बोट दाबलं गेलं. त्याने कॅमेऱ्यात बघितलं आणि कॅमेरा हळूच खाली घेतला.

"हाच," तो शेवटी म्हणाला, आणि पुन्हा शिंकला.

*

आठ दिवसांनी, मंगळवारी, मुखपृष्ठाची कच्ची प्रत चिरंजीवांच्या कचेरीत आली. सून त्या दिवशी बाहेरगावी मुलांच्या परीक्षा घ्यायला गेली होती. मुखपृष्ठ चार वाजता छापायला जाणार होतं. चिरंजीवांनी सकाळभर प्रत वाचली, एक स्वल्पविराम हलवला, 'सर्व बरोबर' म्हणून कळवलं, आणि दीड वाजता जेवायला येताना आईला दाखवायला घेऊन आले.

सासूबाईंनी हात पुसले. प्रत खिडकीशी नेली. एकदा बघितली. मग खिडकीकडे बघितलं. मग पुन्हा प्रतीकडे.

"कडी ह्या बाजूला कधी आली?"

"कसली कडी?"

"खिडकीची. आपली कडी डावीकडे आहे. इथे उजवीकडे आहे."

"आई, तू मुखपृष्ठ बघ ना! कडी काय बघतेस?"

"हे माझं स्वयंपाकघर नाहीच," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "हे समोरच्या वहिनींचं आहे!"

समोरच्या वहिनींचं घर म्हणजे ह्याच घराचं आरशातलं रूप. मधल्या जिन्याच्या अलीकडे जे डावीकडे, ते पलीकडे उजवीकडे. गेली चौदा वर्षं समोरच्या वहिनी सांगत आल्या होत्या की उजेड त्यांच्याकडे जास्त येतो.

"त्या सांगत सुटतील, फोटो आमच्याकडे काढला म्हणून! आणि थांब. हे काय? हिचा गज कुठल्या हातात आहे?"

चिरंजीवांनी चष्मा सारखा केला. "डाव्या."

"ती वाजवते कुठल्या हाताने?"

चिरंजीव अकरा वर्षं त्या व्हायोलिनसमोर बसून चहा पीत आले होते. त्यांनी हवेत दोन्ही हात उचलून बघितले, एकदा असे, एकदा तसे. मग ते खाली बसले.

"त्यांनी फोटो उलटवलाय," ते म्हणाले.

"आणि तू सकाळभर काय करत होतास?"

"वाचत होतो."

"नकाशे तपासायची नोकरी ना रे तुझी? नदी गावाच्या कुठल्या बाजूला, हे सांगायचा पगार घेतोस. आणि बायकोचा हात कुठल्या बाजूला, ते कळलं नाही?"

"पण आई, तुला तर वाचताही येत नाही धड, तुला कसं..."

"वाचता येत नाही, म्हणूनच बघता येतं. ऊठ."

"जेवण?"

"मास्तर म्हणतील, नुसता मोडला नाही, हात बदलला. ऊठ म्हणते ना!"

पण जायच्या आधी सासूबाईंनी एक काम केलं. फडताळातले सगळे डबे खाली जमिनीवर उतरवले आणि डब्यांखालची मुखपृष्ठं उपसून पिशवीत भरली. साखरेखालचे व्हायोलिनवाले चिकटून बसले होते. त्यांना चाकूने सोडवावं लागलं.

*

मासिकाची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. दारापासून खिडकीपर्यंत कागदांचे गठ्ठे, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या शेवटी संपादक. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. समोर त्याच मुखपृष्ठाची प्रत होती. तिच्यावर सही करायची तेवढी राहिली होती.

"हो, उलटवलाय," ते शांतपणे म्हणाले. "उलटवावाच लागतो. आतल्या लेखांची यादी आम्ही उजव्या कडेला छापतो. पहिल्या अंकापासून. व्हायोलिनचा लांब भाग नेमका तिथेच येतो. मग यादी व्हायोलिनवर बसते. उलटवला की जागा मोकळी."

"मग यादी हलवा," सासूबाई म्हणाल्या. "माणूस कशाला हलवता?"

"यादी चाळीस वर्षं तिथेच आहे हो, बाई!"

"माझ्या सुनेचा हात त्याहून जुना आहे."

चिरंजीव मनात वजाबाकी करायला लागले होते. सासूबाईंनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं.

"हे बघा," संपादक म्हणाले, "वाचकांना यातलं काही कळत नाही. आजवर कितीतरी फोटो उलटवलेत आम्ही. कुणाला पत्ता नाही."

सासूबाईंनी पिशवी टेबलावर ओतली. मीठ, चहापत्ती आणि एक झुरळ यांच्यासह एकोणीस वर्षांचे कलावंत संपादकांसमोर पसरले. प्रत्येकाच्या तोंडावर डब्याच्या बुडाचा गोल वळ होता.

"हे बासरीवाले. सदऱ्याचा खिसा उजवीकडे. हे साखरेखालचे. ह्यांचाही उजवीकडे, बटणंही उलटी. हे तिसरे, तसेच. तीस वर्षं घरातल्या सदऱ्यांना इस्त्री केलीय मी. बाप्यांचा खिसा डावीकडे असतो. मला आपलं वाटायचं, बिचारे कलावंत, शिंपी भिकार मिळतो ह्यांना. दर महिन्याला हळहळायचे मी! आणि तो उद्योग तुमचा होता?"

संपादकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, डोळ्यांवरचा कपाळावर सारला, आणि मुखपृष्ठं न्याहाळली.

"बायकांचे मात्र कधी उलटवावे लागले नाहीत," ते जरा अवघडून म्हणाले. न्याय केल्यासारखं.

"कसे लागतील? त्यांच्या हातात काही असतं का यादीच्या आड यायला? ही पहिली, जिच्या हातात तुम्ही वाद्य राहू दिलंत, आणि तिचाही हात फिरवलात."

इतक्यात फोन वाजला. छापखान्यातून विचारत होते, सही झाली का, यंत्र थांबलंय. संपादकांनी टेबलावर हात फिरवला. प्रत जागेवर नव्हती. ती सासूबाईंनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती आणि तिच्यावर त्या बसल्या होत्या.

"बाई, उठा. पावणेचार झालेत."

"मी बसलेय ते बरोबर आहे. तुमचं बघा."

"अहो, एक माणूस! चाळीस वर्षांत एकच माणूस पत्र पाठवतो मला, 'उलटं छापलंत' म्हणून. प्रत्येक अंकाला. आम्ही ती पत्रं केराच्या टोपलीत टाकतो. त्या एका म्हाताऱ्या व्हायोलिन मास्तरासाठी मी यादी..."

चिरंजीव आणि सासूबाई यांनी एकमेकांकडे बघितलं.

"आमचंही ते एकच गिऱ्हाईक आहे," सासूबाई म्हणाल्या. "बाकी देश तुम्ही ठेवून घ्या."

पुन्हा फोन वाजला. यंत्रवाला तिकडून काय बोलला कुणास ठाऊक; संपादकांनी डोळे मिटले, एक हात वर केला, अगदी मिठाखालच्या गवयांसारखा, आणि फोनमध्ये म्हणाले, "फोटो सरळ करा. यादी खाली घ्या, पायाशी. हो, पायाशी! मी शुद्धीवर आहे."

परत येताना चिरंजीव म्हणाले, "आई, हिला सांगायचं का?"

"काय सांगणार? तुझ्या नवऱ्याने 'सर्व बरोबर' कळवलं होतं, म्हणून?"

चिरंजीवांनी मग ते सांगितलं नाही.

*

अंक आला. सून मुखपृष्ठाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग फक्त म्हणाली, "हात दिसतोय." सासूबाईंनी आणखी नऊ अंक विकत आणवले आणि त्यातला एक समोरच्या वहिनींना नेऊन दिला, कडीवर बोट ठेवून.

चौथ्या दिवशी सकाळी दाराची कडी जोरात वाजली. दारात मास्तर होते. तीन जिने चढून आल्यामुळे छाती धपापत होती, एका हातात मासिक, दुसऱ्या हातात दाढीचा आरसा. अकरा वर्षांत त्यांनी या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं आणि ते आपटून टाकलं होतं.

"हे काय?" ते ओरडले. ऐकू येत नसलं की माणूस सगळ्यांनाच बहिरं समजतो. "हात मोडेल म्हटलं होतं मी. डावखुरी होशील असं वाटलं नव्हतं!"

सून पांढरी पडली. मास्तरांनी मासिक टेबलावर ठेवलं, आरसा त्याच्यासमोर धरला आणि आरशाकडे बोट दाखवलं. आरशात सून डाव्या हाताने गज धरून उभी होती.

सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ तिडीक गेली. हा माणूस चाळीस वर्षं ह्या मासिकाची मुखपृष्ठं आरशात बघत आला होता! ते उलटी छापायचे, हा आरशात सुलटी करून घ्यायचा. आणि आयुष्यात एकदाच त्यांनी सरळ छापलं, तर ह्याने सवयीने ते उलटं केलं.

"मास्तर, अहो, आरसा काढा!" सून म्हणाली.

"मोठ्याने बोल!"

"आरसा!" चिरंजीव ओरडले. समोरच्या वहिनींचं दार उघडलं.

"खर्च?" मास्तरांनी ओठांवरून अंदाज केला. "कसला खर्च? मी चालत आलोय!"

सासूबाईंनी सांडशी खाली ठेवली. चिरंजीवांच्या खिशातलं पेन उपसलं आणि हाताशी आलेल्या कागदावर पेन दाबून दाबून, एकेक अक्षर कोरल्यासारखं त्यांनी लिहिलं, 'आरसा काडा. हे सरळ आहे.' दुसरीनंतर त्यांनी लिहिलेलं हे पहिलं वाक्य. तो कागद त्यांनी मास्तरांच्या नाकासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने आरसा काढून घेतला.

मास्तरांनी कागद वाचला. मग मासिक उचललं, खिडकीशी नेलं. ते इतका वेळ बघत राहिले, की दूध उतू जाऊन गॅस विझला आणि ते बघायला कुणी हललं नाही.

"मनगट..." मास्तर म्हणाले. मग थांबले. "मनगट राहिलंय." पुन्हा थांबले. "बोटंही."

सुनेने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. चिरंजीवांनी डोळे पुसले आणि चष्म्याला काहीतरी लागलंय असं दाखवलं.

आणि मग मास्तरांच्या कपाळावर आठी आली. ते मुखपृष्ठ डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघायला लागले.

"हनुवटी उचललीय," ते म्हणाले. "मान उघडी आहे. मग डाग कुठाय?"

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"रोज चार तास वाजवणाऱ्याच्या मानेवर डाग असतो. माझ्या आहे, हा बघा. हिच्या फोटोत नाही. म्हणजे नुसतं फोटोपुरतं धरलंस हातात! वर्षातून एकदा! मनगट काय, पहिलं शिकवलेलं जात नाही. पण मान खोटं बोलत नाही."

सून सासूबाईंकडे वळली नाही, हे सासूबाईंच्या नीट ध्यानात आलं. वळली असती, दोन शब्द बोलली असती, तर त्यांनाही चार बोलता आले असते. तिने नुसता शर्टाचा गळा बाजूला केला, हनुवटी उचलली आणि मास्तरांसमोर उभी राहिली. तांबूस काळपट, रुपयाएवढा, जिथल्या तिथे.

मास्तर पुढे झाले. म्हाताऱ्या बोटाने तो डाग त्यांनी जरासा दाबून बघितला, फळ पिकलंय का बघतात तसा.

"हं," ते म्हणाले. "वाजवतेस." आणि बसायला खुर्ची ओढली. "कोपर जरा वर हवं. काढ ते व्हायोलिन. तुझा हात बघतो."

ऐकू येत नसताना ते तासभर समोर बसून होते, डोळे तिच्या हातावर. मधेच म्हणाले, "फोटोत डाग पुसायचं हे कुणा मूर्खाचं डोकं?" तेव्हा चिरंजीवांनी आईकडे बघितलं. सासूबाई आत जाऊन गॅस पुसायला लागल्या. मघाशी एकदा पुसून झालेला.

दुपारी सगळे झोपल्यावर त्यांनी चिरंजीवांच्या बुटांचं तपकिरी पॉलिश काढलं. काडीच्या टोकावर तीळभर घेऊन एका अंकावर लावून बघितलं. फिकं झालं. काळ्या डबीतलं थोडं मिसळलं, तेव्हा जमलं. घरातले नऊ अंक झाले. दहावा समोरच्या वहिनींकडे होता, तो त्यांनी "जरा कडी बघायचीय" म्हणून मागून आणला. मग दोन्ही डब्या आणि काड्यापेटी पदराखाली घेऊन त्या कोपऱ्यावरच्या मासिकांच्या दुकानात गेल्या.

चार अंकांवर डाग लावून होईपर्यंत दुकानदाराला कळलं नाही.

"ओ मावशी! काय करताय? नवे कोरे अंक आहेत ते!"

"छपाईत राहून गेलं होतं," सासूबाई वर न बघता म्हणाल्या. "ते लावतेय. अजून किती आहेत?"

"अठरा. पण..."

"आण सगळे. आणि उभा काय राहिलास, ही घे काडी. मानेवर, जबड्याच्या खाली, रुपयाएवढा दिसला पाहिजे. डाव्या बाजूला."

दुकानदाराने काडी घेतली. सासूबाईंसमोर लोक गोष्टी घेतात आणि मग विचार करतात. त्याने अंक सरळ धरला, काडी उचलली आणि गोंधळून थांबला.

"डाव्या म्हणजे कुणाच्या डाव्या? माझ्या, की हिच्या?"

"हिच्या रे बाबा, हिच्या!" सासूबाई म्हणाल्या. "फोटो हिचा आहे."